पिस्तुलाच्या बॅरलला घरच्या घरी कोल्ड ब्लूइंग कसे करावे

स्लाइडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात, घासून बॅरलचे तोंड पांढरे पडले, घामाच्या बोटांनी त्यावर तपकिरी ठिपके उमटले किंवा गंज काढताना मूळचा काळसर निळा रंगही निघून गेला, की घरी करता येण्याजोगा उपाय म्हणून कोल्ड ब्लूइंगचे, म्हणजे न उकळता नुसत्या रासायनिक द्रवाने पोलादाला काळसर निळा रंग चढवण्याचे, नाव पुढे येते. त्याला उकळत्या क्षारांची टाकी लागत नाही, मोठी यंत्रे लागत नाहीत आणि एका लहान बाटलीत काम भागते, हे सगळे खरे आहे. तरीही अनेकांच्या हाती पट्टेदार, तांबूस किंवा आठवड्याभरात पुसले जाणारे बॅरल येते आणि दोष बाटलीतल्या द्रवाला दिला जातो. द्रव लावण्याचे काम काही मिनिटांचे असते. रंग कसा येणार हे त्याआधीच्या घासण्यात आणि तेल काढण्यात ठरून गेलेले असते. म्हणून या लेखात तयारीला जागा जास्त दिली आहे आणि प्रत्यक्ष रंगाला त्या मानाने कमी.

प्रथम ही प्रक्रिया नेमकी काय करते ते समजून घ्यावे, कारण पुढच्या बहुतेक सूचनांचे कारण त्यातच आहे. कारखान्यात केले जाणारे गरम ब्लूइंग कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या द्रावणात साधारण १३५ ते १५० अंश सेल्सिअस तापमानाला होते. त्यात पोलादाच्या पृष्ठभागाचेच काळ्या लोह ऑक्साइडमध्ये, म्हणजे मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होते. कोल्ड ब्लूइंगमध्ये असे होत नाही. त्याच्या द्रवात सहसा सेलेनियस आम्ल, मोरचूद आणि नायट्रिक किंवा फॉस्फरिक यांपैकी एखादे आम्ल असते. द्रव उघड्या पोलादाला लागताच थोडे लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे व सेलेनियम यांच्या काळ्या संयुगाचा अतिशय पातळ थर बसतो. हा थर बाहेरून येऊन बसलेला असल्यामुळे तो गरम ब्लूइंगइतका घट्ट धरत नाही, घासला की लवकर उडतो आणि गंजापासून त्याचे स्वतःचे संरक्षण फारच थोडे असते. गंज खऱ्या अर्थाने अडवते ते त्यावरचे तेल. लहानसा पांढरा पडलेला भाग झाकण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. संपूर्ण बॅरल रंगवण्यासाठी ती चालते, पण कारखान्यातून आलेल्या नव्या बॅरलसारखे रूप आणि टिकाऊपणा मिळेल अशी अपेक्षा ठेवून कामाला बसू नये.

बॅरल या कामाला योग्य आहे का

कोल्ड ब्लूइंग साध्या कार्बन पोलादावर आणि क्रोमियम कमी असलेल्या मिश्र पोलादावर चढते. स्टेनलेस स्टीलवर ते चढत नाही किंवा फिकट करड्या डागांसारखे चढते, कारण त्यातील क्रोमियमचा ऑक्साइड थर आम्लाला आत जाऊ देत नाही. क्रोम किंवा निकेलचा मुलामा असलेल्या बॅरलवर आणि ज्यांचा पृष्ठभाग नायट्राइड प्रक्रियेने कठीण केलेला आहे अशा आधुनिक बॅरलवरही हा द्रव वाया जातो. अशा नायट्राइड बॅरलचा काळा रंग उडालेला दिसला तरी खालचा कठीण थर बहुधा शाबूत असतो, म्हणून तिथे घासकाम करणे हे चांगले संरक्षण हाताने खरवडून काढण्यासारखे होईल.

स्टेनलेस ओळखण्यासाठी लोहचुंबक लावून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण बॅरलच्या बाबतीत तो फसवा आहे. भांड्यांचे स्टेनलेस चुंबकाला सहसा चिकटत नाही हे खरे. मात्र बॅरलसाठी वापरले जाणारे ४१० किंवा ४१६ जातीचे स्टेनलेस चुंबकाला व्यवस्थित चिकटते. खात्रीची परीक्षा म्हणजे द्रवाचाच एक थेंब. पिस्तूल जोडल्यावर दिसणार नाही अशा जागी, पण चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या पोकळीच्या, आत नव्हे, टाचणीच्या डोक्याएवढी जागा घासून व तेलमुक्त करून तिथे कापसाच्या काडीने द्रव लावावा. अर्ध्या मिनिटात जागा काळसर झाली तर पुढे जावे. तशीच चकाकत राहिली तर बाटली बंद करून ठेवावी.

आणखी एक प्रश्न कामाआधी स्वतःला विचारावा: हे पिस्तूल जुने आणि संग्रहमूल्य असलेले आहे का? संग्राहक मूळचा झिजलेला रंग नव्याने चढवलेल्या रंगापेक्षा अधिक मोलाचा मानतात. कोल्ड ब्लूइंग केलेल्या भागाला येणारा विशिष्ट उग्र वास बरेच दिवस रेंगाळतो आणि अनुभवी खरेदीदार शस्त्र नाकाजवळ नेऊनच नवा रंग ओळखतात. अशा शस्त्राला तेल लावून आहे तसे ठेवणे हेच बहुतेक वेळा शहाणपणाचे असते.

कायद्याबाबत थोडक्यात. शस्त्र स्वतःच्या नावावर, परवाना लागत असेल तिथे वैध परवान्यावर असले पाहिजे, आणि घरी अशी देखभाल करण्याबाबत आपल्या प्रदेशात काय नियम आहेत ते आधी पाहून घ्यावे. बॅरलवरील अनुक्रमांक, चाचणीचे शिक्के आणि काडतुसाच्या मापाची अक्षरे यांना पॉलिश पेपर लागू देऊ नये. विशेषतः अनुक्रमांक अस्पष्ट झाला तर अनेक देशांत तो गंभीर गुन्हा ठरू शकतो.

शस्त्र रिकामे करणे

मॅगझीन बाहेर काढावे, स्लाइड पूर्ण मागे ओढून अडकवावी, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे आणि मग करंगळीचे टोक घालून काडतूस नाही याची खात्री करावी. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझीन काढले, तर स्लाइड पुढे जाताना नवे काडतूस चेंबरमध्ये चढलेले असते. सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. त्यानंतर निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे पिस्तूल खोलून बॅरल वेगळे करावे. स्प्रिंग आणि इतर सुटे भाग एका डब्यात, आम्लाच्या वाफांपासून दूर ठेवावेत, कारण ब्लूइंगच्या बाटलीजवळ उघडे पडलेले पोलाद कोणी हात न लावताही गंजू शकते.

रिव्हॉल्व्हरचे बॅरल चौकटीत आट्यांनी घट्ट बसवलेले असते. ते घरी काढायचा प्रयत्न करू नये. सिलिंडर काढून, चौकटीला चिकटपट्टी लावून, बॅरल जागेवरच ठेवून काम करावे.

साहित्य आणि जागा

द्रव कुठल्याही नामांकित निर्मात्याचा चालतो. बर्चवुड केसीचे पर्मा ब्लू किंवा ब्राउनेल्सचे ऑक्सफो-ब्लू ही नावे या कामात वारंवार ऐकू येतात, पण प्रत्येक द्रवाचे सूत्र थोडे वेगळे असते. त्यामुळे तो किती वेळ ठेवायचा आणि पाण्याने धुवायचा की नुसता पुसायचा याबाबत बाटलीवरची सूचना आणि हा लेख यांत फरक दिसला तर बाटलीचे ऐकावे. याशिवाय ३२०, ४०० आणि ६०० क्रमांकांचे पॉलिश पेपर, ०००० क्रमांकाचे सर्वांत बारीक स्टील वूल, अ‍ॅसिटोन, रसायनांना टिकणारे नायट्राइल हातमोजे, डोळ्यांना बाजूनेही झाकणारा गॉगल, स्वच्छ पांढऱ्या सुती चिंध्या, कापूस, खाण्याचा सोडा, दोन लाकडी बुचे, एक लहान काचेची किंवा प्लॅस्टिकची वाटी आणि शस्त्राचे तेल एवढे लागते. वाटी, बादली, चिमटा यांपैकी काहीही पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

हातमोज्यांचा आग्रह केवळ डाग पडू नयेत म्हणून नाही. सेलेनियमची संयुगे विषारी आहेत आणि ती कातडीतून व श्वासातूनही शरीरात जातात. जास्त संपर्क आल्यास श्वासाला लसणासारखा वास येऊ लागतो, हे वैद्यकात जुने लक्षण म्हणून नोंदलेले आहे. खिडक्या उघड्या असलेली खोली किंवा व्हरांडा निवडावा आणि मुले व पाळीव प्राणी तिथे येणार नाहीत असे पाहावे. द्रव डोळ्यांत उडाला तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवून बाटलीसह डॉक्टरांकडे जावे.

जुना रंग आणि गंज काढणे

फक्त तोंडाजवळचा पट्टा किंवा एखादा ओरखडा झाकायचा असेल तर संपूर्ण रंग काढण्याची गरज नसते. तेवढी जागा ४०० च्या कागदाने हलकेच घासून, कडेला जुन्या रंगात मिसळेल अशी निमुळती करावी आणि सरळ तेल काढण्याच्या टप्प्याकडे जावे. संपूर्ण बॅरल रंगवायचे असल्यास मात्र जुना रंग सगळा काढावा लागतो, कारण उरलेल्या जुन्या ठिपक्यांवर नवा रंग वेगळ्या छटेचा दिसतो.

त्यासाठी साधे पांढरे व्हिनेगर पुरेसे आहे. बॅरल आधी नीट साफ करून, त्याच्या आतील नळीला तेलाचा हात फिरवून आणि दोन्ही तोंडांना बुचे मारून बाहेरच्या बाजूला व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी गुंडाळावी. दर काही मिनिटांनी उघडून पाहावे. काळा रंग विरघळून करडे पोलाद दिसू लागले की लगेच थांबावे, सोड्याच्या पाण्याने धुवावे आणि कोरडे करावे. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवणे हा आळशी मार्ग आहे आणि तो महागात पडतो, कारण रंग संपल्यावर आम्ल थांबत नाही. ते पोलादाला खात राहते आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे सोडते. स्वच्छतागृहात वापरले जाणारे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल तर या कामात आणूच नये. कठीण केलेल्या पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका तीव्र आम्लाने वाढतो आणि हवेच्या दाबाच्या हजार-दोन हजार पट दाब सोसणाऱ्या भागाबाबत असा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

आम्लातून बाहेर आलेले पोलाद दमट हवेत काही मिनिटांत पिवळसर होऊ लागते, म्हणून धुणे, पुसणे आणि घासणे यांत मध्येच उठून जाण्याची सवड नसते.

घासकाम

ब्लूइंग हा रंगाचा लेप नसल्यामुळे खालचा एकही ओरखडा झाकला जात नाही, उलट काळ्या पार्श्वभूमीवर तो अधिक उठून दिसतो. ३२० च्या कागदाने सुरुवात करून आधीचे ओरखडे जाईपर्यंत घासावे, मग ४०० घ्यावा. गोल भागावर कागदाची पट्टी बॅरलभोवती गुंडाळून पुढेमागे ओढता येते, पण शेवटचे घासणे बॅरलच्या लांबीच्या दिशेनेच करावे म्हणजे उरलेल्या बारीक रेषा एका दिशेच्या राहतात. सपाट भाग आणि कडा यांवर कागद नुसत्या बोटाने दाबून घासू नये. बोट मऊ असल्याने कडा गोल होतात. लहान लाकडी ठोकळ्यावर कागद ताणून घासल्यास कडा धारदार राहतात.

किती गुळगुळीत करावे याबद्दल मतभेद आहेत. आरशासारख्या पृष्ठभागावर रंग चकचकीत दिसतो, पण त्यावर कोल्ड ब्लूइंग एकसारखे बसवणे कठीण जाते आणि ठिगळे चटकन दिसतात. नवशिक्याने ४०० वर, फार तर ६०० वर थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने येणारा मंद काळा रंग दिसायला सभ्य असतो आणि पुढे एखादी जागा दुरुस्त केली तर ती त्यात मिसळून जाते.

जिथे कागद अजिबात लावायचा नाही अशा जागा नीट ओळखून घ्याव्यात. बॅरल स्लाइडमध्ये अडकवणारे उंचवटे, चेंबरच्या वरचा मागचा भाग, खालचा अडकवणीचा कान, काडतूस आत चढवणारा उतार आणि तोंडाची आतली कड हे सगळे भाग मापात बसवलेले असतात. त्यांतून थोडेसे पोलाद जरी गेले तरी बॅरल ढिले बसू शकते, काडतूस अडकू शकते किंवा नेम बिघडू शकतो. रंगासाठी मापाला हात लावू नये. तसेही हे भाग प्रत्येक फैरीबरोबर घासले जातात आणि त्यांवरचा कोल्ड ब्लूइंगचा थर टिकत नाही.

नळी बंद करणे

चेंबर आणि आतल्या पिळाच्या खाचा यांमध्ये द्रव जाऊ नये. मऊ लाकडाची दोन निमुळती बुचे करून तोंडाला आणि चेंबरच्या बाजूला हाताने दाबून घट्ट बसवावीत; हातोडीने ठोकू नयेत. चेंबरच्या बाजूचे बूच लांब ठेवले तर त्याचाच दस्ता होतो आणि पुढचे सगळे काम बॅरलला स्पर्श न करता करता येते. या बुचांची संख्या कागदावर लिहून ठेवावी, कारण काम संपल्यावर तेवढीच बाहेर आली पाहिजेत.

तेल काढणे

सगळ्यात जास्त बॅरले बिघडतात ती या टप्प्यावर. डोळ्यांना कोरडे दिसणारे पोलाद बहुतेक वेळा कोरडे नसते. घासताना कागदावरून, हवेतून किंवा हाताच्या पाठीवरूनही त्यावर तेलाचा थर येतो आणि तेवढ्या जागी द्रव पोलादापर्यंत पोहोचत नाही. जिथे अंगठा लागला तिथे अंगठ्याच्या रेषांसकट फिका डाग उमटतो.

अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या चिंधीने बॅरल एकाच दिशेने पुसावे, चिंधीची बाजू प्रत्येक वेळी बदलावी आणि चिंधी पूर्ण पांढरी निघेपर्यंत हे चालू ठेवावे. कोरलेल्या अक्षरांत आणि कोपऱ्यांत तेल लपून राहते, तिथे जुना दात घासायचा ब्रश अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून फिरवावा. पातळ नायट्राइल मोजे अ‍ॅसिटोनने लवकर मऊ पडतात, म्हणून हे पुसणे संपल्यावर नवे मोजे घालावेत. स्टील वूलचाही विसर पडू देऊ नये. ते गंजू नये म्हणून कारखान्यातच त्याला तेल लावलेले असते आणि थेट पाकिटातून काढून रंगाच्या दोन थरांमध्ये फिरवले तर एवढी मेहनत एका हातात फुकट जाते. लागेल तेवढे स्टील वूल आधीच अ‍ॅसिटोनमध्ये पिळून, उघड्या हवेत वाळवून वेगळे ठेवावे.

तेल खरोखर निघाले का, याची परीक्षा पाण्याने होते. बॅरलवर स्वच्छ पाणी ओतावे आणि तिरप्या प्रकाशात पाहावे. पाण्याची सलग, पातळ चादर अखंड खाली उतरली तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. कुठे पाणी फाटून त्याचे थेंब झाले, कडा आकसून बेट उघडे पडले, तर नेमक्या त्या जागी तेल आहे. पुन्हा पुसावे, पुन्हा पाहावे.

यानंतर बॅरल थोडे कोमट करावे, म्हणजे रासायनिक क्रिया एकसारखी होते. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे त्यावर गरम पाणी ओतून ते आपोआप वाळू देणे. हाताला सुखद ऊब लागेल एवढेच तापमान हवे. हेअर ड्रायर वापरायचा असेल तर अ‍ॅसिटोनची बाटली आणि ओल्या चिंध्या आधी खोलीबाहेर न्याव्यात, कारण अ‍ॅसिटोनच्या वाफा ड्रायरमधील तापलेल्या तारेवर पेट घेऊ शकतात. गॅसच्या ज्योतीवर बॅरल धरण्याचा विचारही करू नये. त्याने पोलादाचे पाणी उतरते, म्हणजे त्याचा कठीणपणा जातो.

द्रव लावणे

वाटीत थोडासा द्रव ओतून घ्यावा आणि कापूस कधीही मूळ बाटलीत बुडवू नये. एकदा वापरलेल्या कापसाबरोबर लोखंडाचे क्षार बाटलीत जातात आणि उरलेला द्रव हळूहळू निकामी होतो. वाटीत उरलेलाही परत बाटलीत ओतू नये.

कापसाचा चांगला भिजलेला, पण ओघळणार नाही असा बोळा घेऊन बॅरलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात ओढावा, बॅरल थोडे फिरवून शेजारचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर किंचित चढेल असा घ्यावा आणि पूर्ण फेरी झाली की न थांबता पुन्हा सुरुवातीच्या जागी यावे. पहिल्या स्पर्शालाच पांढरे पोलाद करडे होते, मग त्यात मोरपंखी निळ्या-जांभळ्या छटा धावतात आणि काही सेकंदांत सगळे मिळून मळकट काळे होते. ते निळे फार सुंदर दिसते आणि तिथेच थांबण्याचा मोह होतो, पण तो थर इतका पातळ असतो की तेल लागताच निस्तेज होतो. साधारण अर्धा ते एक मिनिट पृष्ठभाग सतत ओला आणि कापूस सतत फिरता ठेवावा. एका जागी थेंब साचू दिला तर तिथे कड असलेला डाग बसतो.

मग थंड पाण्याने भरपूर धुऊन क्रिया थांबवावी, स्वच्छ चिंधीने टिपून कोरडे करावे आणि तेलमुक्त स्टील वूल अगदी हलक्या हाताने, वजन न देता फिरवावे. त्याने वर बसलेली सैल काळी भुकटी निघते आणि खालचा घट्ट थर राहतो. बॅरल आता पहिल्यापेक्षा फिके दिसेल. त्याने निराश होऊ नये, तसेच दिसायला हवे. पुन्हा कोमट करून दुसरा थर द्यावा, पुन्हा धुवावे, पुन्हा हलके घासावे. तीन ते पाच थरांत रंग सहसा भरतो आणि त्यापुढे प्रत्येक नवा थर जितके देतो तितकेच घासताना जाते. शेवटच्या थरानंतर स्टील वूल न फिरवता मऊ चिंधीनेच पुसावे.

फॉस्फरिक आम्लावर आधारित काही द्रव कापसाऐवजी थेट स्टील वूलने चोळत लावले तर अधिक चांगले बसतात. बाटलीवर तसे लिहिले असेल तर बेलाशक तसेच करावे.

आम्ल मारणे आणि तेल

रंग मनासारखा आला की काम संपल्यासारखे वाटते, पण अक्षरांच्या खाचांत आणि रंगाच्या थरात शिल्लक राहिलेले आम्ल दुसऱ्या दिवशी तपकिरी गंजाच्या रूपाने वर येते. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळवून त्यात बॅरल काही मिनिटे हलवावे, मग साध्या गरम पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे करावे. बॅरल कोमट असतानाच त्यावर सढळ हाताने तेल लावावे, सगळा पृष्ठभाग ओला दिसेल इतके. रात्रभर तसेच ठेवावे. निदान पहिल्या रात्री पुसण्याची घाई करू नये, कारण ताजा थर घासण्याला नाजूक असतो. दुसऱ्या दिवशी उजेडात नीट पाहावे, कुठे तपकिरी झाक दिसली तर तेलात बुडवलेल्या ०००० स्टील वूलने ती हलकेच उचलावी आणि पुन्हा तेल लावावे. ज्यांना बोटांचे ठसे उमटू नयेत असे वाटते ते नंतर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात देतात. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात विकसित झालेले रेनेसान्स वॅक्स हे त्यातले सर्वांत परिचित नाव आहे.

रंग बिघडला तर

तांबूस झाक आली असेल तर पोलादावर सेलेनियमच्या संयुगाऐवजी नुसते तांबे बसले आहे. द्रव जुना झाला, एकच बोळा फार वेळ वापरला किंवा द्रव जागच्या जागी रगडला गेला की असे होते. स्टील वूलने ती झाक उतरवून ताज्या द्रवाने आणि ताज्या कापसाने पुन्हा लावावे. फिके ठिपके आणि बोटांचे ठसे म्हणजे तेल. तेवढ्याच जागी द्रव चोपडत बसून ते जात नाहीत, संपूर्ण बॅरल पुन्हा तेलमुक्त करावे लागते. पट्टे दिसत असतील तर हात मध्येच थांबला होता किंवा बॅरल थंड होते. पांढऱ्या चिंधीला काळे लागत राहणे पहिल्या एक-दोन पुसण्यांत स्वाभाविक आहे. ते पुढेही चालू राहिले तर थरांच्या मध्ये भुकटी नीट काढली गेली नव्हती. काहीच जमेना तर व्हिनेगरच्या चिंधीने सगळा रंग उतरवून घासकामापासून नव्याने सुरुवात करता येते. कोल्ड ब्लूइंगची ही बाजू मात्र नवशिक्याच्या सोयीची आहे.

पुन्हा जोडण्याआधी

दोन्ही बुचे काढावीत, कागदावरच्या संख्येशी ताडून पाहावीत आणि बॅरल प्रकाशाकडे धरून नळीतून आरपार पाहावे. लाकडाची ढलपी, कापसाचा तंतू किंवा स्टील वूलचा धागा आत राहिला असेल तर साफ करण्याच्या सळईने आणि कोरड्या चिंधीने तो काढावा. नळीत अडथळा असताना गोळी झाडली गेली तर बॅरल फुगू किंवा फुटू शकते, म्हणून हे पाहणे रंगाच्या कौतुकाआधी झाले पाहिजे. नळीत तेल साचलेले असेल तर तेही पुसून घ्यावे. बॅरल बसवल्यावर रिकाम्या शस्त्राची स्लाइड काही वेळा पुढेमागे करून ती पूर्ण बंद होते की नाही ते तपासावे. घासणाऱ्या जागांवरचा नवा रंग लगेच उडू लागेल, त्याकडे दुर्लक्ष करावे.

उरलेला वापरलेला द्रव, पहिल्या धुण्याचे पाणी आणि भिजलेला कापूस मोरीत किंवा गटारात टाकू नये, कारण तांबे आणि सेलेनियम ही दोन्ही माशांसाठी व इतर जलचरांसाठी घातक असतात. हे सगळे झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरून त्यावर नाव लिहावे आणि रासायनिक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावे. अ‍ॅसिटोनच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात न टाकता बाहेर, आगीपासून दूर, पसरून पूर्ण वाळू द्याव्यात. स्टील वूलचे उरलेले तुकडे बॅटरीजवळ ठेवू नयेत. ९ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना लागले तरी ते पेटते.

पिस्तूल साठवताना चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नये. चामडे ओलावा धरते आणि ते कमावताना वापरलेल्या रसायनांचे अंश पोलादाला लागतात. कोल्ड ब्लूइंगचा पातळ थर तिथे गंजाला फार काळ अडवत नाही. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा आणि पुढे प्रत्येक हाताळणीनंतर तेलाची चिंधी फिरवावी, आणि तोंडाशी पुन्हा पांढरे दिसू लागले की तेवढ्याच जागेवर तेल काढून एक-दोन थर द्यावेत.